बाराचा पाना

माझ्या बायकोला, सिंधूला, मी हे कधी सांगितलं नाही. पोरीलाही नाही. समोर चहाचं हॉटेल चालवणारा रशीदभाई — ज्याच्यापुढं मी बायकोशी झालेली भांडणंसुद्धा चहाबरोबर ओतायचो — त्यालाही नाही, आणि तो तर आता राहिलाही नाही.

मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसासमोर खरं बोलायला जे लागतं ते माझ्यात नाही. नव्हतंच कधी. पण एकदम नाही जमणार. गंजलेल्या नटाला आधी थोडं तेल सोडावं लागतं, मग जरा वेळ थांबावं लागतं. तसं थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या.

वारंगा फाट्यावर माझं गॅरेज आहे. पुढं पत्र्याचं शेड आणि मागं दोन खोल्यांचं घर, एवढाच पसारा. ट्रॅक्टर, मोटारसायकली, कधी एखादा टेम्पो. आता वय झालं, आता नुसता बसून असतो. पण तेव्हा माझ्या हाताला नाव होतं. लांबून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायचो. लोक म्हणायचे, मिस्त्रीनं सांगितलं ना, मग संपलं. आणि मी? मला ते ऐकायला फार आवडायचं. हे लक्षात ठेवा, कारण सगळं पाणी इथंच मुरतंय.

वैशाली आमची एकुलती. चार वर्षांची असताना हळदीच्या ट्रॉलीवरून पडली. डाव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं. जुळलंही, पण जिथून हाड वाढतं नेमका तिथंच मार बसलेला. उजवा पाय वाढत राहिला आणि डावा मागं पडला. शाळेतली पोरं तिच्यामागून तिच्यासारखं चालून दाखवायची. घरी येऊन ती आपली चपलेत चिंध्या भरत बसायची.

चौथीत गेली तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय लांब करता येईल. हाड कापायचं, पायाभोवती स्टीलच्या रिंगा बसवायच्या, हाडाच्या आरपार तारा घालून त्या रिंगांना ताणायच्या. रिंगा एकमेकींना जोडणारे आट्यांचे दांडे, दांड्यांवर नट. ते नट दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरा फिरवायचे. तेवढ्यानं रिंगा केसभर लांब सरकतात, हाडातली फट केसभर वाढते, आणि त्या फटीत नवं हाड भरत जातं. फिरवायचं थांबलं तर हाड होतं तिथंच जुळून बसतं. डॉक्टर हे सगळं नीट समजावत होते आणि मी मध्येच म्हणालो, "समजलं साहेब." नट-बोल्ट मला कोण शिकवणार? डॉक्टर हसले. म्हणाले, असा बाप असला की आमचं अर्धं काम झालं. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या मी छाती फुगवून उतरलो.

दुपारी मी कुठंतरी शेतात बंद पडलेल्या ट्रॅक्टरखाली असायचो, म्हणून दुपारचा फेरा सिंधूकडं दिला. सकाळचा, संध्याकाळचा आणि निजायच्या आधीचा माझा. कोणत्या बाजूला फिरवायचं तो बाण डॉक्टरांनी चिकटपट्टीवर काढून दिला होता. तो आठवडाभरात पुसला. तोवर सिंधूनं पाठ केला होता.

तुम्हाला एक सांगू? तो आमच्या घरातला सगळ्यात चांगला हिवाळा होता. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण विचारा सिंधूला. पोरीची खाट आम्ही शेडमध्ये आणली, माणसांत राहिली की दुखणं विसरते म्हणून. ट्रॅक्टरवाले स्पेअर पार्टची वाट बघत तिच्याशी कॅरम खेळायचे आणि हरायचे — काही मुद्दाम, बरेचसे खरेच. शाळेतली पोरं तिच्या रिंगा बघायला यायची. तिनं त्यावर दर लावला होता, एक मूठ बोरं. चादर उचलायची, दाखवायची, लगेच झाकायची. दुसऱ्यांदा बघायचं तर परत बोरं. तिच्यामागून लंगडत चालणारी तीच पोरं आता खिसे भरून रांगेत उभी. रशीदभाई म्हणायचा, मिस्त्री, तुझी पोरगी धंद्यात तुझ्या पुढं जाईल, तू तर उधारीतच मरशील.

सिंधूनं तिचे सगळे फ्रॉक एका बाजूनं उसवून त्यांना बंद लावले. जुन्या लुगड्याची एक पिशवी शिवली, वरून-खालून नाडी ओढायची, रिंगांवर चढवायची, धूळ बसायला नको. रोज सकाळी तारा जिथून आत शिरत तिथली जागा ती औषधाच्या कापसानं पुसायची, एकेक तार, घाई न करता. नांदेडला तपासणीला निघालो की कंडक्टर पुढची आडवी सीट आमच्यासाठी धरून ठेवायचा. अर्धापूरला केळी घ्यायची. पोरगी खिडकीतून साली फेकायची आणि आई रागवायची. मी मधे बसून दोघींचं ऐकत राहायचो. अजून त्या रस्त्यानं गेलो की अर्धापूर आल्यावर माझा हात खिशाकडं जातो.

बघा — मी परत लांब गेलो.

दुखायचं. ते सांगायचं राहूनच गेलं. फेरा दिल्यावर लगेच नाही, थोड्या वेळानं पाय आतून ओढायला लागायचा. पोरगी ओरडली असती तर मला झेपलं असतं. इंजिनाच्या आवाजात माझी हयात गेली. पण ती ओरडायची नाही. ती विनवायची. "अण्णा, आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या ना. उद्या डबल फिरवा." पाना हातात दिसला की लेकराचं तोंड एवढंसं व्हायचं. माझ्या पोरीला मला बघून भीती वाटत होती. तुम्हाला लेकरं असतील तर कळेल. नसतील तरी कळेल म्हणा.

आता सांगतो.

रिंगांवरचे नट दहा नंबरचे. त्याला दहाचा पाना लागतो. माझ्या पेटीत त्याच्या शेजारी बाराचा असायचा. लांबून दोन्ही सारखेच, माहीतगारालाच फरक कळावा. दहाच्या नटावर बाराचा पाना लावला तर तो नटाला धरत नाही. नुसता भोवती फिरतो. बघणाऱ्याला वाटतं फेरा झाला, आणि नट आपल्या जागी तसाच.

एका संध्याकाळी मी बाराचा पाना उचलला.

चुकून उचलला गेला, हात आधी गेला आणि मन नंतर — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. मिस्त्रीचा हात पेटीत चुकत नाही. मी एकेका नटावर तो पाना लावला, फिरवला, अंगठ्यानं त्यावरचा आकडा झाकून धरला — पोरीला आकडे वाचता येत होते ना. पाना पुसून ठेवला. ती डोळे मिटून दुखण्याची वाट बघत पडली. दुखलं नाही. आणखी थोडी थांबली. मग एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि हसली. "अण्णा, न्हाई दुखलं! तुमचा हात लई हलका हाय."

पहिल्या दिवशी ती दया होती. तेवढं मी मान्य करतो, स्वतःच्या बाजूनं नाही, जे होतं ते म्हणून. पण दुसऱ्या दिवसापासून? दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझी वाट बघत होती. पाना घेऊन आलो तर तोंड वाकडं नाही, उलट खाटेवर सरकून मला जागा करून दिली. शेडमध्ये बसलेल्यांना सांगायला लागली — माझ्या अण्णाचा हात हलका आहे, दुखतच नाही. लोक माना डोलवायचे, मिस्त्रीच तो. आणि मी त्या कौतुकावर पोसलो. खरंच सांगतो, पुढचे सगळे दिवस मी तिच्या दुखण्यासाठी नाही, त्या वाक्यासाठी बाराचा पाना उचलला. कधीमधी भीती वाटून एखाद्या सकाळी दहाचा लावायचो. ती कळवळली की संध्याकाळी परत बाराचा.

हाड जुळून बसेल हे मला माहीत नव्हतं का? डॉक्टरांनी सांगितलं होतं. मीच "समजलं साहेब" म्हणालो होतो.

आणि दुपारी सिंधू. सिंधूकडं तिचा वेगळा दहाचा पाना होता. तिचा फेरा खरा होता, म्हणून तिच्या फेऱ्यानं दुखायचं. पोरगी आईला जवळ येऊ देईना. पाना बघितला की, "तू नको, तुझा हात जड हाय. अण्णाला येऊ दे." एकदा तर तिनं आईच्या हाताला चावा घेतला. सिंधूनं तरी एकही दुपार चुकवली नाही. पोरीचं बोलणं खायची, पदरानं डोळे पुसायची आणि पाव फेरा द्यायची, अगदी बराबर. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाच मोठ्यानं घासायची.

एका सकाळी तीच माझ्याजवळ येऊन बसली. लाजल्यासारखी. "तुमी कसं करता वो? माझ्याच हातानं काहून दुखतं तिला? मला एकदा दावा की."

मी दाखवलं. बाराच्या पान्यानं दाखवलं. ती वाकून बघत होती, ओठ मिटून, शाळेतल्या पोरीसारखी. हे सांगताना थांबावंसं वाटतं, पण आता थांबून काय करू? तेव्हा हात थांबला नाही.

मधल्या एका तपासणीला मी जाऊ दिलं नाही. काम फार आहे म्हणालो. कामाचे दिवस होते हे खरं, पण त्यासाठी नव्हतं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा डॉक्टरांनी फोटो काढला आणि उजेडावर धरून आम्हाला दाखवला. फट वाढायला हवी होती तेवढी वाढली नव्हती, आणि होती तेवढ्यात हाड वेळेआधीच जुळून बसलं होतं. परत कापावं लागणार होतं. डॉक्टरांनी विचारलं, फेरे नीट चालू होते ना?

तिथं मी खोटं बोललो असतो तरी एक वेळ बरं झालं असतं. मी खोटं बोललो नाही. मी नुसतं सिंधूकडं वळून विचारलं —

"तू कोनत्या बाजूनं फिरवत होतीस?"

एवढंच. ती गोंधळली. तिनं हवेतच हात उचलला आणि फिरवून दाखवायला लागली. आधी एका बाजूनं, मग थांबली, मग दुसऱ्या बाजूनं. समोर नट नाही, पाय नाही, डॉक्टर बघतायत, नवरा बघतोय — कुणाचाही हात चुकेल. माझाही चुकला असता. मी मान हलवली. "तेच तर," म्हणालो.

पोरगी टेबलावर पडून हे ऐकत होती. तीही बोलली, बिचारी खरं तेच बोलली. "आईनं फिरवलं की दुखायचं. अण्णानं फिरवलं की न्हाई दुखायचं." झालं. आणखी कोणता पुरावा पाहिजे होता? मी मिस्त्री, आणि ती घरातली बाई. नांदेडपासून वारंग्यापर्यंत एक माणूस विचारणार नव्हता की चूक मिस्त्रीची तर नाही. डॉक्टर चांगले होते, रागावले नाहीत. म्हणाले, असू द्या बाई, होतं असं. सिंधूनं तो हात पदराखाली घेतला आणि तसाच धरून बसली.

येताना अर्धापूरला केळी घेतली नाहीत. सिंधू एसटीत एकदाच बोलली. म्हणाली, "मला वाटलं, मी बराबर करून राहिले." मी खिडकीबाहेर बघत होतो.

दुसऱ्यांदा हाड कापलं. या वेळी चारही फेरे मी दिले, दहाच्या पान्यानं, एकही न चुकवता. दुपारी कितीही लांब असलो तरी काम सोडून घरी यायचो. लोक म्हणायचे, बाप असावा तर असा. तोवर हिवाळा सरून गावोगाव हळद शिजायला लागली होती, सगळ्या फाट्यावर तो वास. शेडमधला कॅरम मागं जाऊन भिंतीला लागला. पोरगी कळवळायची, आणि तिनं आपल्या मनानंच त्याचा अर्थ लावून टाकला. रशीदभाईला ती सांगत असताना मी कानानं ऐकलं, "पहिल्यांदा आईनं बिघडवलं ना, म्हणून आता अण्णाच्या हातानंबी दुखतं." सिंधू तिथंच तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर बघितलं नाही. त्या दिवसापासून तिनं पाना उचलून द्यायलाही हात लावला नाही.

घोटा आखडायला लागला म्हणून डॉक्टरांना या वेळी थोडं आधीच थांबावं लागलं. पाय लांब झाला, पण पूर्ण नाही. वैशाली आज शिक्षिका आहे हिंगोलीला, लग्न झालं, एक मुलगी आहे. भरभर चालते. फक्त डाव्या चपलेचा तळ जाड करून घ्यावा लागतो आणि दमली की जरा लंगडते. पहिल्या वेळीच नीट फेरे झाले असते तर तेवढंही राहिलं नसतं असं मला वाटतं. डॉक्टरांना विचारायची हिंमत झाली नाही.

सिंधूचं काय झालं ते विचारा. तिनं काही मनाला लावून घेतलं, अन्नपाणी सोडलं, असं काही नाही. कामाची बाई, कामाला लागली. पण गॅसचं बटण फिरवायच्या आधी ती आजही क्षणभर थांबते. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायचं असलं की बरणी माझ्यापुढं करते. नवा नळ बसवला तेव्हा तिनं विचारलं, बंद कोणत्या बाजूनं होतो. पाहुण्यारावळ्यांत तिची थट्टा व्हायची. चहात साखर ढवळायला घेतली की कुणीतरी म्हणायचं, "सिंधूबाई, उलटं नका हं फिरवू." सगळे हसायचे. तीही हसायची. मी? मीही हसलो आहे. एकदा नाही, किती तरी वेळा.

सांगायला वेळ नव्हता का? भरपूर होता. वैशालीच्या लग्नात सिंधू तिच्या पाया पडायला निघाली होती — आई लेकीच्या! — "मला माफ कर गं माय, माझ्यामुळं तुला दोनदा सोसावं लागलं." पोरीनं तिला मिठीत घेतलं, दोघी रडल्या, बायका रडल्या. मी मांडवाच्या खांबाजवळ उभा होतो, चार पावलांवर. डोळे पुसत होतो. लोकांना वाटलं, बाप आहे, लेक चालली म्हणून रडतोय.

गेल्या महिन्यात वैशाली आली होती. नात खेळताना पडली आणि मनगटाला प्लास्टर घालावं लागलं, फार काही नाही. गळ्यातली झोळी सैल झाली होती म्हणून ती आजीकडं पळत आली, बांधून दे म्हणून. सिंधूचे हात आपोआप पुढं गेले. गाठीपर्यंत गेले. आणि मग तिनं ते मागं घेतले.

"मी न्हाई हात लावत बाई," ती म्हणाली. "अण्णाकडं जा. माझा हात उलटा हाय."

रागानं नाही, दुःखानंही नाही. आपल्याला शुगर आहे, चहा नको, असं सांगावं तसं सांगितलं. वैशालीनं आतून आवाज दिला, "हो गं, अण्णाकडं जा. त्यांचा हात लई हलका."

नात माझ्यासमोर उभी राहिली. सिंधूचा हात उलटा नव्हता. सगळ्या घरात तोच एक सुलटा होता. हे तोंडातून काढायला कितीसा वेळ लागला असता? दोघीही घरात होत्या, फाट्यावर गाड्यांचा आवाजही त्या वेळी नव्हता. मी गाठ सोडली, झोळी वर घेतली, परत गाठ मारली. सिंधू शेजारी वाकून बघत होती, कशी मारतात ते.

"दुखलं का गं?" मी नातीला विचारलं.

"न्हाई."

"बघ," सिंधू म्हणाली, "म्हणलं नव्हतं मी?"

तिच्या आवाजात माझं कौतुक होतं. मी तेही घेतलं.